अवटू

पलूसच्या आमच्या घरात आता पहाट चहाने होत नाही. ५० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिनची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची आणि पुढचा तासभर फक्त पाणी. सासूबाई सवयीने माझाही कप भरतात, मग आठवून परत ओततात.

आवाज बसू लागला तेव्हा मी तो खडूच्या माथी मारला होता. पण थकवाही जाईना. दुखणे मोठे वाटले की मिरज, ही या भागाची जुनी वहिवाट. किर्लोस्करवाडीहून रेल्वेने गेले. सोनोग्राफीत अवटू ग्रंथीत दोन गाठी निघाल्या, मोठी १८ मिलिमीटरची. (संस्कृतात 'अवटु' म्हणजे मानेची मागची बाजू, ग्रंथी मात्र गळ्यात पुढे. एरवी यावर मी टिपण लिहिले असते.) सुईने पेशी काढल्या. अहवाल येईपर्यंतचे चार दिवस खूणगाठ, लग्नगाठ, निरगाठ हे वर्गात हौसेने उलगडलेले शब्द मला उच्चारवेनात.

गाठी कर्करोगाच्या नव्हत्या. बहुतेक नसतातच, हे डॉक्टरांनी आधी सांगितले होते; मला ते ऐकू आले नव्हते. गोळीने त्या विरतील हा समजही खोटा ठरला. गोळी मंदावलेल्या ग्रंथीसाठी आहे. गाठी राहणार, ठरल्या वेळी त्यांचे मोजमाप घ्यायचे.

सहा आठवड्यांनी टीएसएचचा आकडा उतरला, थकवाही थोडा ओसरला. आवाज मात्र पूर्वीचा नाही. शेवटच्या बाकापर्यंत पोचवायला थांबत थांबत बोलावे लागते. मुले म्हणतात, "मॅडम, आता नीट लिहून घेता येतं."