कुकडीचे रांजण

पॉटहोल म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पावसाळ्यातला हायवे, बंद पडलेली रिक्षा आणि बॉसला केलेला ‘उशीर होतोय’चा फोन. कुकडी नदीतले पॉटहोल बघाल तर हा शब्द कायमचा बदलून जाईल. गावकऱ्यांनी त्यांना नाव दिलंय रांजणखळगे. अरुंद तोंड, मोठं पोट, गुळगुळीत भिंती. नाव ठेवणाऱ्याला शंभर मार्क!

गोवंडीहून पुणं, शिरूर आणि पुढे निघोज. लोणावळ्यालाच थांबणाऱ्यांना लांब वाटेल. मी बाबांबरोबर गेले होते. पारनेर तालुक्यातली आमची दोन एकर कोरडवाहू जमीन विकायची होती, दुसऱ्या दिवशी सही. वाटेत नदी बघू, हा माझा हट्ट.

दोन्ही काठांवर मळगंगेची देवळं आणि मध्ये काळ्या कातळात खोल चिरत गेलेली नदी. हा बेसॉल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं, त्यातलाच. कातळात कुठेतरी भेग किंवा खळगा असतो. पुराचं पाणी तिथे भोवरा धरतं, त्यात दगडगोटे अडकतात आणि जात्यासारखे गरागरा फिरत राहतात. ते झिजून संपले की पुढच्या पुराबरोबर नवे येतात. खळगा खोल होतो, फुगतो, मधली भिंत पडून शेजारच्याला मिळतो. असे शेकडो रांजण एकमेकांत फुटत फुटत ही घळ खोल झाली. कोलोरॅडोची ग्रॅण्ड कॅन्यन सुमारे १.८ किलोमीटर खोल, तिच्यापुढे ही म्हणजे अंगणातली नाली. पण तिथे कड्यावरून बघायचं, इथे उन्हाळ्यात वाकून रांजणातला गोटा हातात घेता येतो. (पावसाळ्यात हा शहाणपणा नको. कातळ निसरडा असतो.)

बाबा मात्र गप्प. १९७२च्या दुष्काळात आजोबा त्यांना घेऊन मुंबईला आले, तेव्हा ते बारा वर्षांचे होते.

“पाणी नाही म्हणून गाव सोडलं, आणि इथं पाण्यानं दगड कोरलाय,” ते म्हणाले.

यातली गंमत म्हणा की क्रूरपणा, साधा आहे. कुकडी उगम पावते जुन्नरकडे कुकडेश्वराला, नाणेघाटाच्या जवळ, जिथून सातवाहनांच्या काळात कोकणातला माल वर यायचा. पाऊस तिकडचा, सह्याद्रीचा. पारनेर पर्जन्यछायेत. पाणी यायचं, पण खाली कातळातून निघून जायचं. रान वर, कोरडंच.

आता माणिकडोह आणि येडगाव धरणं नदी अडवतात. कालव्याचं पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जतकडे जातं. म्हणजे रांजण घडवणारा पूर आता पूर्वीसारखा मोकळा नाही. मला वाईट वाटलं. तसं मी बोललेही.

“दगड कोरून कुणाचं पोट भरलं?” बाबा म्हणाले.

“मग आपल्या रानात कालवा आला का?”

“दोन गावं अलीकडेच राहिला.”

बराच वेळ ते पाण्याकडे बघत बसले. मग चपला घातल्या.

“सहीचं उद्या बघू गं. आधी विहिरीला पाणी किती आहे ते बघू.”