तीस अक्षरांची नोकरी

बारावीचा निकाल लागला की मध्यमवर्गीय घरांत सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. एरवी वर्षभर तोंड न दाखवणारे काका-मामा पेढा खाता खाता मुलांचे भवितव्य ठरवून मोकळे होतात. मला मात्र सहसा कोणी काही विचारीत नाही. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या माणसाचे व्यवहारज्ञान बेताचेच असणार, अशी सार्वत्रिक समजूत आहे. म्हणून गेल्या वर्षी ताईने मला मुद्दाम बोलावून घेतले, तेव्हा मला थोडे नवलच वाटले.

"हिला जरा समजाव रे," ताई म्हणाली. "कॉलेज नको म्हणते. डिजिटल मार्केटिंग करणार म्हणे!"

दाजींची कंपनी वर्षापूर्वी बंद पडली होती आणि ताई घरी फराळाचे डबे करून विकू लागली होती. भाचीला कॉलेज नको होते ते अभ्यासाच्या कंटाळ्याने नव्हे, तर घरात चार पैसे लवकर यावेत म्हणून. हे तिने कोणाला बोलून दाखवले नव्हते. अठराव्या वर्षी माणूस असल्या गोष्टी लपवू पाहतो, आणि नेमक्या त्याच सर्वांना दिसतात.

मी तिला म्हटले, "आधी मला तुझा धंदा शिकव. मग मी तुला उपदेश करतो."

तिने शिकवले. आपण गूगलवर 'चकली' असे लिहून शोध घेतो, तेव्हा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तिथे जाहिरातींचा लिलाव होऊन जातो. मौज अशी की, या लिलावात केवळ जास्त बोली लावणारा जिंकत नाही. जाहिरात विचारणाऱ्याच्या कामाची आहे की नाही, तिच्यामागचे पान धड आहे की नाही, हेही पाहिले जाते. मथळ्याला जागा जेमतेम तीस अक्षरांची आणि खालच्या मजकुराला नव्वदांची! पन्नास मिनिटांत कवितेच्या दोन ओळी कशाबशा उलगडणारा मी ते ऐकून गप्पच झालो.

मग तिने ताईच्या डब्यांचा हिशेब मांडला. जाहिरातीवर शंभर जणांनी बोट ठेवले. प्रत्येकी पाच रुपयांप्रमाणे पाचशे रुपये गेले. डबे घेतले चौघांनी. म्हणजे एका गिऱ्हाइकामागे खर्च सव्वाशे रुपये, आणि एका डब्यावर नफा ऐंशी! "आई दर डब्याला पंचेचाळीस रुपये पदरचे घालतेय," ती म्हणाली. येणाऱ्यांतल्या निम्म्यांना डबा नकोच होता, त्यांना चकलीची कृती हवी होती. तिने जाहिरात आपल्या शहरापुरती ठेवली आणि 'कृती', 'रेसिपी' असे शब्द शोधणाऱ्यांना वगळून टाकले. पुढच्या शंभरांत दहा गिऱ्हाइके मिळाली. ताईला लिलाव समजला नाही, पण दहा डबे समजले.

हे सारे आपल्याकडे अगदीच नवे आहे, असे मात्र नाही. 1920 साली किर्लोस्करवाडीहून शं. वा. किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढले, ते कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवण्यासाठी. वाचनीय मजकूर द्यावा, वाचकाचा विश्वास मिळवावा, मग माल आपोआप त्याच्या ध्यानात राहतो, ही युक्ती. आज तिला 'कंटेंट मार्केटिंग' असे भारदस्त नाव आहे. त्या खबरीचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि नांगराचे गिऱ्हाईक नसलेली घरेही ते वाचू लागली.

शिकायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. गल्लीतल्या एका क्लासने साठ हजार रुपये आणि 'नोकरीची शंभर टक्के हमी' असा भाव सांगितला. भाचीने तो कागद घडी करून परत दिला. गूगलचे स्वतःचे धडे आणि परीक्षा फुकट आहेत, त्या तिने दोन महिन्यांत दिल्या. तेवढ्यात एका छोट्या जाहिरात-संस्थेत महिना आठ हजारांवर काम मिळाले.

खरी परीक्षा पुढेच होती. एके संध्याकाळी तिने माझ्यापुढे एक परिच्छेद ठेवला. सत्तर वर्षांच्या एका आजींचे गुडघे एका तेलाने पंधरा दिवसांत कसे बरे झाले, त्याची ती हकिकत होती. मराठी सुरेख होते.

"भाषा कशी आहे, मामा?"

"उत्तम. या आजी राहतात कुठे?"

"कुठेच नाहीत," ती म्हणाली. "मीच लिहिल्यात. अशा आणखी वीस आजी लिहायच्यात."

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, हे मी तिला सांगितले. पण ती दंडाला भ्याली नाही. ती विचारीत राहिली, "आपल्या आजीने हे वाचून तेल मागवलं असतं ना रे?" मी म्हटले, "दोन बाटल्या मागवल्या असत्या." दुसऱ्या दिवशी तिने नकार कळवला, आणि आठ हजार गेले. त्या महिन्यात ताईकडे आठ हजारांची किंमत काय होती, हे मी जाणतो. दाजी एवढेच म्हणाले, "बरं केलंस." ते म्हणताना त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोरून खाली घेतले नाही.

आता ती तीन लहान दुकानांच्या जाहिराती सांभाळते आणि नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी. कॉम. करते आहे. पदवीचा आग्रह मी धरला. कारण ही विद्या झपाट्याने बदलते. तीस अक्षरांच्या ओळी आता यंत्रही पटापट लिहून देते. पण हिशेब कळणे, माणसाला नेमके काय हवे ते ओळखणे, आणि कोणती ओळ लिहायची नाही हे ठरवणे, एवढे ज्याचे त्यालाच शिकावे लागते.

'जाहिरात' हा शब्द अरबी 'जाहिर'वरून आला. जाहिर म्हणजे उघड, स्पष्ट दिसणारे. वर्गात हे सांगताना मुले वहीत टिपून घेतात आणि विसरतात. आमच्या घरातल्या एका मुलीने तो अर्थ आठ हजार रुपये मोजून पाठ केला आहे. ती तो सहसा विसरणार नाही.