जुन्या मोटारीची सेवा

नवी मोटार दारी आली म्हणजे तिला हार घालावयास आणि पेढे खावयास सारी आळी जमते. पुढे तिचा रंग विटतो, पत्रा खडखडू लागतो आणि मग तिची विचारपूस करणारा एक मालकच तेवढा उरतो. वस्तूवरील प्रेमाची खरी पारख तिच्या वार्धक्यातच होते.

मुंबईची काळी-पिवळी ‘फिएट’ टॅक्सी हे अशा वार्धक्याचे थोर उदाहरण होय. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या मोटारी तयार होत. पुढे त्यांनाच ‘पद्मिनी’ असे नाव मिळाले. कारखान्यातून नवी गाडी निघणे बंद झाले, तरी चालकांनी जुन्या गाड्या निगुतीने चालत्या ठेवल्या. अखेर वीस वर्षांची वयोमर्यादा आड आली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये या टॅक्सीने मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला.

दोन लाख किलोमीटर धावलेल्या मोटारीने किती कष्ट उपसलेले असतात! पृथ्वीचा परिघ सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे तिने पृथ्वीला पाच प्रदक्षिणा घातल्या. प्रत्येक किलोमीटरला एंजिनाचे अडीच हजार फेरे धरले, तरी एकूण फेरे पन्नास कोटी भरतात. इतक्या वेळा लोखंडावर लोखंड फिरूनही ते झिजून संपत नाही, कारण दोहोंच्या मध्ये तेलाचा पातळ थर असतो. तो थर राखणे हीच जुन्या मोटारीची पहिली सेवा.

ती करावयास मोठी विद्या लागत नाही. नांदेडजवळच्या विष्णुपुरीत एखाद्या घरी आजोबा रविवारी सकाळी हाती फडके घेतात आणि नातू पान्यांचा डबा घेऊन मागे उभा राहतो. मोटार सपाट जागी उभी असते, एंजिन थंड असते. तेल मोजण्याची दांडी काढावी, पुसावी, पुन्हा घालावी आणि मग पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असले म्हणजे ठीक. बॅटरीत बाटलीतले शुद्ध पाणीच घालावे, कारण विहिरीच्या पाण्यातील क्षारांनी तिच्या पट्ट्या खराब होतात. चारही चाकांची हवा तपासावी आणि पाचव्या चाकाला, म्हणजे स्टेपनीला, विसरू नये.

“आजोबा, धोक्याचा दिवा तर लागला नाही; मग हे सारे कशाला?” नातू विचारतो.

“अरे बाळा, तहान लागल्यावर विहीर खणू नये,” आजोबा उत्तर देतात आणि वहीत तारीख व किलोमीटर लिहून ठेवतात.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, तेव्हा रेडिएटरकडे विशेष लक्ष द्यावे लागते. मात्र तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब उतरतो, पाणी उसळते आणि हातातोंडाला भाजते. तसेच नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखाली शिरू नये. जॅक निसटला, तर सावरावयास क्षणही मिळत नाही. ब्रेकचे तेल वारंवार उतरू लागले, तर घरची हौस बाजूला ठेवून मोटार जाणत्या मिस्त्रीच्या स्वाधीन करावी. स्वतःच्या हातांनी काय करावे हे कळणे जितके आवश्यक, तितकेच काय करू नये हे कळणेही आवश्यक आहे.

एक प्रश्न मात्र राहतो. एंजिनातून काढलेल्या काळ्या तेलाचे काय करावे? ते गटारात ओतून देणे अगदी सोपे असते. परंतु गटाराचे पाणी ओढ्याला आणि ओढ्याचे नदीला मिळते. विष्णुपुरीच्या बंधाऱ्याने अडविलेले गोदावरीचे पाणी नांदेड शहर पिते, शेतेही पितात. घरच्या मोटारीची सेवा करताना साऱ्या गावाच्या तोंडच्या पाण्यात काजळी कालविली, तर त्या सेवेला काय अर्थ? म्हणून ते तेल झाकणाच्या डब्यात साठवावे आणि जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजात नेऊन द्यावे. योग्य प्रक्रियेने ते पुन्हा शुद्ध होऊ शकते.

जुनी मोटार आज ना उद्या थांबणारच. पण तिच्यापाशी राबलेल्या हातांना लक्षपूर्वक पाहण्याची, नोंद ठेवण्याची आणि इतरांचा विचार करण्याची सवय लागते. ती सवय मोटारीपेक्षा पुष्कळ अधिक काळ टिकते.