कोइनोस म्हणजे सामाईक

शब्दांची कुळे शोधीत बसणे हा आमचा जुना छंद. इंग्रजी कोशात वारंवार भेटणारा 'कोइनोस' हा ग्रीक शब्द असाच आमच्या ओळखीचा झाला. त्याचा अर्थ सामाईक. सामाईक विहीर, सामाईक भिंत म्हणतो त्यातला. एका मठात एकत्र नांदणारा ख्रिस्ती साधू तो 'सीनोबाइट'. शिळ्या भाकरीवरील बुरशीच्या तंतूंत आडपडदे नसतात, असंख्य केंद्रके एकाच जीवद्रव्यात राहतात. अशा एकत्र कुटुंबास वनस्पतिशास्त्रात 'सीनोसाइट' म्हणतात. व्याकरणातील 'एपिसीन' शब्द नरमादी दोघांनाही एकाच लिंगात बसवितो. आपली मुंगी सदैव 'ती' आणि ढेकूण सदैव 'तो', तसे. मात्र 'सेनोटाफ' या कुळातला नव्हे. तो 'केनोस' म्हणजे रिकामा यापासून झाला.

या कुळातील आमचा आवडता शब्द 'कोइने', म्हणजे सामाईक बोली. इ. स. पूर्व ३२३ मध्ये शिकंदर वारला. त्याच्या फौजेत व नव्या नगरांत नाना बोलींचे ग्रीक एकत्र आले आणि अथेन्सच्या बोलीचे कंगोरे झिजून सर्वांना चालणारी एक भाषा तयार झाली. तिने द्विवचन जवळजवळ टाकूनच दिले. आपल्या प्राकृतांनीही तेच केले; संस्कृतच्या तासाला कपाळ धरून बसणाऱ्या विद्यार्थ्यांनी दोघींचे आभार मानावेत! कंदाहार येथे १९५८ साली सापडलेला अशोकाचा लेख याच ग्रीक भाषेत आणि शेजारी आरमाईकमध्ये कोरलेला आहे. पहिल्या शतकातील एका अनामिक व्यापाऱ्याचे 'पेरिप्लस' हे पुस्तकही कोइनेतच आहे. त्यात आपली उज्जयिनी 'ओझेने' या नावाने येते. येथून अकीकासारखे खडे आणि मलमल भडोचच्या बंदरी जात, असे तो लिहितो. पुढे सहाव्या शतकात याच अवंतीच्या वराहमिहिराने 'केंद्र', 'होरा' हे ग्रीक शब्द निःसंकोच वापरले. परीक्षा केंद्रावर जाताना ज्यांची छाती धडधडते, त्यांनी हे ध्यानी ठेवावे.

आम्ही घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी-माळवी बोलतो. मराठी ही आमची कोइने. तिने आम्हांस ग्रंथ दिले, पोटही दिले. शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. त्यांच्या घरात कोणती बोली चालत असेल, असा विचार देवळाच्या पायऱ्या उतरताना आमच्या मनात येतो. आमच्या घरी आजी 'उदक' मागते आणि नात 'पानी' आणून देते. आजी ते पिते, काही बोलत नाही. १९९२ साली कोंकणी घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली खरी. पण परिशिष्टात असणे निराळे आणि आजीच्या तोंडून नातीच्या तोंडी जाणे निराळे. सामाईक विहिरीवर पाणी भरताना घरची विहीर बुजू द्यावी काय? आम्ही दोन्हीकडचे पाणी प्यालो आहो, म्हणून हा प्रश्न आम्हांस टाळता येत नाही.

सामाईक भाषाही अमर नसते. उज्जयिनीच्या चष्टन क्षत्रपाच्या वंशजांनी आपल्या नाण्यांवर राजाच्या मुखाभोवती ग्रीक अक्षरे ठेवली. हळूहळू ती वाचणारा कोणी उरला नाही. अर्थ गेला, नक्षी राहिली. ग्रीसमध्ये मात्र निराळेच घडले. कोइनेच्या पुरात स्पार्टाकडची डोरिक बोली बुडाली असे वाटत होते. पण पेलोपोनेसच्या डोंगराळ गावांत तिची एक लेक 'त्साकोनियन' या नावाने आजही जिवंत आहे. बोलणारे थोडे आहेत, आणि त्यांत म्हातारी माणसे अधिक.