तळणाचे दिवस

शरदाचं चांदणं कवींना लखलाभ असो. आमच्या आयांना हा ऋतू हवा असायचा तो उन्हासाठी. घट बसले, पावसानं काढता पाय घेतला, की पुण्यात जे चटके देणारं ऊन पडतं त्याला आपण आता ऑक्टोबर हीट म्हणतो आणि कपाळाला आठ्या घालतो. तेच ऊन वाड्याच्या गच्चीत उतरलं की बायकांचे हिशेब सुरू होत. भाजणीचे तांदूळ धुऊन कधी वाळत घालायचे, पोह्यांना ऊन कधी दाखवायचं, गच्ची कुठल्या दिवशी कुणाला. दिवाळीचा फराळ हा मुळात कोरड्या हवेचा स्वयंपाक आहे. श्रावणातली चकली संध्याकाळपर्यंत मऊ पडते. आश्विनातली, डब्याचं झाकण घट्ट असलं आणि घरात पोरं कमी असली, तर तुळशीच्या लग्नापर्यंत पुरते.

हे सगळं सत्तरच्या दशकातलं. पेठेतला वाडा, आठ-दहा बिऱ्हाडं, मध्ये फरसबंदी चौक, चौकात एक नळ. तुमच्याकडे वाड्याच्या जागी गिरगावातली चाळ असेल, नाहीतर रेल्वेचे क्वार्टर्स असतील. पण फराळाची व्यवस्था थोड्याफार फरकानं सगळीकडे हीच होती, म्हणून ‘आम्ही’ म्हणतो.

कोजागिरीचं आटीव दूध पिऊन झालं की धनत्रयोदशीपर्यंत तेरा दिवस उरतात, आणि या तेरा दिवसांची सुरुवात अनारशांनी होते, कारण ते सगळ्यांत आधी भिजत पडतात. तांदूळ तीन दिवस पाण्यात, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी निथळून, पंचावर पसरून सावलीत सुकवायचे. ऊन बाहेर रणरणत असलं तरी अनारशांच्या तांदळांना सावलीच. अंगात ओल असतानाच कुटायचे, चाळायचे, किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून गोळे मुरत ठेवायचे. तळायच्या दिवशी खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचे आणि उलटायचे नाहीत. झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं. एवढं करून जाळी पडेल याची खात्री नाही. मधूनच एखादा अनारसा कढईत हसायचा, म्हणजे विरघळून तुपभर पसरायचा, आणि त्या क्षणी स्वयंपाकघरातलं दुसरं कुणीही हसत नसे. पीठ घट्ट वाटलं तर केळं कुस्करून घाला, सैल वाटलं तर तांदळाची पिठी लावा, असे सल्ले चारी दिशांनी येत. ज्या बाईचा पहिला घाणा जाळीदार उतरला तिचा वाड्यातला भाव वर्षभर टिकायचा. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायची पद्धत ज्यानं पाडली, त्यानं ते स्वतः कधी तळले नसावेत.

भाजणीचं प्रमाण घराघरांत वेगळं. आमच्याकडे तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक, मुगाची अर्धी, वर धने-जिरे. प्रत्येक धान्य निराळं भाजायचं, मंद आंचेवर. मग डबा घेऊन आम्हा पोरांची रवानगी गिरणीत. दिवाळीआधी गिरणीत डब्यांची रांग दाराबाहेर यायची आणि घरून निघताना मिळालेली सूचना रांगेत उभं राहून घोकावी लागे: ज्वारीवर दळू नका, गव्हावर दळू नका, आधी कुणाचे तरी तांदूळ जाऊ देत, मग आमची भाजणी. लाडवाची डाळ रवाळ, चकलीची भाजणी बारीक. गिरणीवाला पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवयांखालून बघायचा आणि काही न बोलता बरोबर दळून द्यायचा. मधेच वीज गेली तर डबा तिथंच ठेवून यायचं, आणि घरी जाऊन बोलणी खायची, जणू वीज आम्हीच घालवली.

खरी गंमत तळणाच्या दिवसांची. आज या बिऱ्हाडाच्या करंज्या, उद्या त्यांच्या, परवा वरच्या मजल्यावरच्या आजींच्या, अशा तारखा आधीच ठरलेल्या असत. सामान ज्याचं त्याचं, हात सगळ्यांचे. जेवणं आटोपली की बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जमायच्या. करंजी एकटीनं करायचा पदार्थच नाही. साटा लावलेल्या लाट्या ओल्या फडक्याखाली, एक जण लाटतेय, एक सारण भरतेय, एक कातण्यानं कडा कापतेय आणि एक कढईपाशी. मधलीनं हात आखडला की पारी सुकते, सुकली की कड सुटते, सुटली की सारण तेलात, आणि मग तेल गाळून घेईस्तोवर सगळ्या खोळंबतात. सारण किती भरायचं यावर दरवर्षी तोच वाद. गच्च भरली तर फुटते, कमी भरली तर खुळखुळते. आमच्या खालच्या काकूंच्या करंज्या हमखास खुळखुळायच्या आणि त्यावरून वाड्यात कोण कोणाला काय बोललं होतं हे आज लिहिण्यात अर्थ नाही.

ज्याचं त्याचं कसब ठरलेलं होतं. बेसन भाजायला मधल्या आजी. त्यांना घड्याळ लागायचं नाही, वासावर कळायचं. बेसन तांबूस झालं की त्यात दुधाचा हबका मारायच्या, ते चर्र करून फुलून यायचं आणि लाडू दाणेदार व्हायचा. रव्याच्या लाडवाचा एकतारी पाक दुसऱ्या एकीकडे. चकलीचं मोहन तिसरीच्या हातचं. ते जास्त झालं तर चकली तेलात विरते, कमी पडलं तर दात हलतो. सोऱ्या मात्र वाड्यात दोनच घरी होते, पितळेचे, तुळशीबागेतले, आणि ते सगळीकडे फिरायचे. परत येताना चकती भलतीच यायची, म्हणून पाडव्याला शेवेची चकती शोधत फिरणं हे आम्हा मुलांचं ठरलेलं काम. शंकरपाळ्यांना मात्र कसब लागत नसे. वाटीभर तूप, वाटीभर दूध, वाटीभर साखर आणि मावेल तेवढा मैदा, म्हणून ते काम मुलींकडे आणि अगदीच नाइलाज झाला तर मुलांकडे.

1970 साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि वाटी-चमच्याचं माप घराघरांत शिरलं. तरुण सुनांनी ते फडताळात ठेवलं, आज्यांनी नाकं मुरडली. पण पाक बिघडला की त्यातल्याच एखादीनं हळूच, “बघ गं तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय,” असं म्हटलेलं आम्ही ऐकलेलं आहे.

आता या आठवणींना तुपाचा वास येत असला तरी तूप फारसं नव्हतं. डालड्याचा पिवळा डबा होता, आणि बरेचदा तोही नव्हता. वडिलांचा बोनस कधी हातात पडतो यावर लाडू कशात वळायचे ते ठरायचं. रॉकेलची रांग, रेशनवर सणासाठी मिळणारी जादा साखर आणि तिच्यासाठी वेगळी रांग. 1972 च्या दुष्काळात तर गहू-साखरेचे वांधे झाले. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं महागाईविरोधात बायका एकत्र आल्या आणि लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. आमच्या वाड्यातल्या कुणी मोर्चाला गेल्याचं स्मरत नाही. पण वर्तमानपत्रातला फोटो बघून, लाटणं याच कामाला आलं पाहिजे, असं एक काकू म्हणाल्या होत्या आणि त्यांचे यजमान अंगणात निघून गेले होते. त्या दशकाच्या शेवटी रेशनवर पामतेल आलं. थंडीत ते थिजायचं, त्याला वास यायचा, आणि नाकं मुरडत का होईना चकल्या त्यात तळल्या गेल्या.

फराळाचा लळा आम्हाला लागला, कारण आम्ही तो खाल्ला. केला त्यांनी. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी उठून, रोजचा स्वयंपाक करून, मग दुपारपासून स्टोव्हपुढे. पंपाच्या स्टोव्हचा तो घरघराट, मधेच पिन, मधेच काकडा. घरातला पुरुष आकाशकंदिलाच्या काड्या बांधायचा, खळ लावून घोटीव कागद चिकटवायचा, आणि आपणही दिवाळीला हातभार लावतो याची त्याला खात्री असायची. महिन्याचे ते चार दिवस आलेली बाई कढईला शिवायची नाही. दाराबाहेर बसून तीच सगळ्यांत जास्त सूचना द्यायची आणि त्या सगळ्या पाळल्याही जायच्या. हा सगळा प्रकार आज चालणार नाही, चालूही नये.

तळणाच्या दिवशी रात्री कढईपाशी बसलेल्या बाईला तळलेलं काही नको असायचं. तेलाच्या वासानंच तिचं पोट भरलेलं. मग पिठलं-भात व्हायचा, नाहीतर मुगाची खिचडी, वर ताक. डबे चकल्यांनी भरलेले, पण नैवेद्याआधी त्यांना हात लावायचा नाही, आणि समोर पानात लसणीचं पातळ पिठलं. खरं सांगायचं तर आज जिभेवर जी चव परत यावी असं वाटतं ती चकलीची नाही, त्या पिठल्याची आहे. चकली विकत मिळते.

नरकचतुर्दशीला पहाटे उटणं, बंबाचं पाणी, मोती साबण आणि मग फराळाचं पहिलं ताट. आमच्यात रत्नागिरीकडचं एक बिऱ्हाड होतं. त्यांच्याकडे आधी तुळशीपाशी पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं, त्याचा कडू रस जिभेला लावायचा, आणि मग गुळातले पोहे. आम्ही देशावरची पोरं कारिटाच्या आशेनं तिथं घुटमळायचो. कडू लागल्यावर पोह्यांच्या आशेनं थांबायचो.

त्यानंतर दुपारभर ताटांची ये-जा. विणलेल्या रुमालाखाली प्रत्येक घरचं ताट प्रत्येक घरी. हात इतक्या घरांत लागलेले असूनही फराळ एकसारखा मात्र नसायचा. चकलीचे काटे बघून, लाडवाचा आकार बघून, चिवड्यात खोबऱ्याचे काप किती आणि डाळं किती ते बघून, ताट कुठून आलं हे आम्ही डोळे झाकून नव्हे, पण रुमाल उचलल्याबरोबर सांगायचो. ताट रिकामं परत करायचं नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर.

आणि ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असे, त्या घरी कढई चढत नसे. तिथली बाई इतरांकडे लाटायला येई की नाही हे तिच्यावर. कुणी विचारत नसे. पण तिच्या घरी ताटं सगळ्यांच्या आधी जात. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातले अण्णा पितृपक्षात गेले, त्या दिवाळीला त्यांच्या ओट्यावर इतके डबे जमले की मुलांना वर्षात कधी मिळाला नव्हता एवढा फराळ मिळाला. धाकट्याला ते फार आवडलं आणि त्यानं तसं मोठ्यानं बोलूनही दाखवलं. त्याची आई हसली. अण्णा गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली असं आमची आई पुढं कितीतरी वर्षं सांगायची.

वाडे पाडले, फ्लॅट झाले. गॅस आला, मिक्सर आला, बायका नोकरीला लागल्या आणि दुपार नाहीशी झाली. फराळ बिघडला तो सुगरणी संपल्यानं नाही, रिकामी दुपार आणि उघडं दार संपल्यानं. म्हणून तयार फराळाला नावं ठेवणाऱ्यांच्यात मी नाही. महिला बचत गटांच्या बायका आज ज्या सफाईनं एका मापाच्या चकल्या पाडतात त्या आमच्या वाड्यात पडल्याच नसत्या. पूना मर्चंट्स चेंबर कित्येक वर्षं रास्त भावात लाडू-चिवडा विकतं आणि त्याच्यासाठी लोक शिस्तीत रांगा लावतात; रांगेची सवय आम्हाला रेशननंच लावलेली. गणपती उठले की परदेशी फराळ पाठवण्याच्या पाट्या लागतात. न्यू जर्सीतल्या मुलीकडे करंजी अखंड पोचावी म्हणून ती एवढ्या थरांत गुंडाळतात की मोडण्याचं तिला सुचतच नाही. घरी कुणी अनारसे करत असेल तर तिला नमस्कार, आणि विकत आणत असेल तर तिलाही.

एकच मागणं आहे. फराळ कुठूनही येवो, ताटं निघू द्या. लिफ्टनं जाऊ द्या, सोसायटीच्या ग्रुपवर आधी निरोप टाकून जाऊ द्या. ज्या घरी यंदा दिवाळी नाही असं कळलं असेल, तिथलं ताट आधी. आणि तुमचं ताट रिकामंच परत आलं तर मनात धरू नका. त्यात साखर घालायची असते हे त्यांना कुणी सांगितलं नसेल. पुढच्या वर्षी तुम्ही सांगा.