म्हशीचा हिशोब

गोबर गॅस आमच्या गावात दोनदा आला. पहिल्यांदा सासऱ्यांच्या तरुणपणी, खादी ग्रामोद्योगवाल्यांचा. विटांचा गोल हौद आणि त्यावर पालथी लोखंडी टाकी. गॅस साठला की टाकी वर यायची, संपला की खाली बसायची. आजरा तालुक्यातला पाऊस लोखंडाला सुखानं राहू देत नाही. दरवर्षी रंग द्यावा लागायचा, तो काही वर्षं दिला गेला, मग राहून गेला. पुढं सिलिंडर आले आणि टाक्या भंगारात गेल्या. एक अजून तालमीच्या मागं उताणी पडलीय, पोरं त्यात बेडूक पाळतात.

दुसऱ्यांदा आला तो ‘दीनबंधू’. विटा-सिमेंटचा घुमट, सगळा जमिनीखाली, गंजायला काही नाही. आम्ही तोच बांधला. बांधून झाल्यावर गवंड्यानं नळीच्या प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला आणि उकिडवा बसून बघत राहिला. एका जोडावर फुगा आला. त्यानं जोड सोडून पुन्हा बांधला, पुन्हा फेस लावला. मला तेव्हा तो उगाच वेळ काढतोय असं वाटलं होतं. पण गोबर गॅसमध्ये निम्म्याहून जास्त मिथेन असतो. तो जळला तर ठीक, तसाच हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशोबानं कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट तापदायक. म्हणजे गळका गोबर गॅस असण्यापेक्षा नसलेला बरा.

दोन घनमीटरच्या टाकीला रोज 50 किलोच्या आसपास शेण आणि तेवढंच पाणी लागतं. हे काम आत्तींचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. त्या हातानंच कालवतात. मी एकदा काठी दिली तर म्हणाल्या, “काठीला वैरणीची काडी कळती व्हय गं?” कोपरापर्यंत हात घालून त्या चोथा वेचून काढतात, मग बोळा काढला की काला गडगडत आत जातो आणि पलीकडच्या तोंडातून तेवढीच स्लरी बाहेर येते. शेगडीची ज्योत फकफकायला लागली की नळीत पाणी साठलं समजायचं, ते काढून टाकायचं. थंडीत गॅस कमी पडतो. तेव्हा कोमट पाण्यात कालवायचं आणि उन्हं वर आल्यावर घालायचं.

सरकारी पत्रकात धूर गेला, लाकूड वाचलं असं छापलेलं असतं. धूर स्वयंपाकघरातून गेला हे खरं. पण आंघोळीचा बंब अजून लाकडावरच पेटतो, आमच्याकडंही. आजऱ्याच्या पावसात चार महिने गरम पाण्यावाचून भागत नाही, आणि तेवढं पाणी तापवण्याइतका गॅस टाकीत नसतो.

मी गावातल्याच शाळेत शिकवते. सातवीच्या मुलांना एकदा घरोघरचा कार्बनचा हिशोब मांडायला लावला. सिलिंडर किती, वीजबिलावर युनिट किती, गाडीत पेट्रोल किती. गुणाकार मी सांगितले: एक किलो सिलिंडरचा गॅस जळला की सुमारे 3 किलो कार्बन डायऑक्साइड, विजेच्या एका युनिटमागं पाऊण किलोच्या आत-बाहेर, पेट्रोलच्या लिटरमागं 2.3 किलो. सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस, म्हणजे वर्षाला आठ सिलिंडर लागणाऱ्या घराचे साधारण 340 किलो झाले. मग एकीनं दादाची मोटारसायकल मांडली. तो रोज कामाला तीस किलोमीटर जाऊन-येऊन करतो. त्याचे चारशेच्या वर गेले! सगळ्या घराच्या चुलीपेक्षा एकट्या दादाची गाडी जड. वर्ग खूश.

त्यावर एका मुलानं विचारलं, “बाई, म्हस मोजायची न्हाई?”

मोजली. रवंथ करणारं जनावर ढेकरातून मिथेन सोडतं. म्हशीचा वर्षाला ढोबळ 50 किलो धरला आणि 28 नं गुणलं तर 1400 किलो होतात. गाडी आणि सिलिंडर एकत्र केले तरी निम्मे. “मग इकायची काय?” असं त्यानं विचारलं तेव्हा कुणी हसलं नाही, कारण दर दहा दिवसांनी येणाऱ्या दूधबिलावरच त्यांची घरं चालतात. मी म्हटलं, दारात दोन भाकड म्हशी बांधून ठेवण्यापेक्षा एक चांगली दूध देणारी बरी. मला सुचलं ते एवढंच, आणि ते अजूनही मला बरोबर वाटतं. गोबर गॅसनं शेणातला मिथेन पकडता येतो, ढेकरातला नाही.

अलीकडं पिशवीचे गोबर गॅस आलेत, जाड रबरी फुग्यासारखे. स्वस्तात मिळतात, कारण त्यातून जो कार्बन वाचतो त्याचं क्रेडिट बसवणारी कंपनी घेते आणि विकते. घेताना तशी सही करावी लागते. मधेच एक मुलगा मोबाइल घेऊन येतो आणि पेटत्या शेगडीचा फोटो काढून जातो. आत्तींना ते फार गमतीचं वाटतं. “आमच्या जाळाचा फोटो कुठं लावतीत?”

खालच्या आळीत मात्र ना घुमटाचा गोबर गॅस, ना पिशवीचा. तिथं जनावर नाही आणि टाकी बांधायला जागाही नाही. सिलिंडर आहे, पण तो चहापुरता, भाकरी चुलीवरच. म्हणजे हिशोबात सर्वांत कमी भरणारी घरं तीच, आणि धूरही त्यांनाच. गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्यांनी आळीतल्या एका घराला आपल्या टाकीवरून नळी दिली. बदल्यात त्या घरच्या बाईनं रोज गोठा झाडायचा आणि शेण कालवायचं. गॅसवरून दोन्ही घरांत एकदाही कुरबूर झाली नाही. भांडण झालं ते स्लरीवरून. तिला परसातल्या वांग्यांना दोन बादल्या हव्या होत्या, आणि शेजारी म्हणाले, स्लरी उसालाच पुरत नाही. शेवटी आत्ती मध्ये पडल्या. आता शनिवारी दोन बादल्या तिच्या.