बाप्तिस्म्याच्या अलीकडे-पलीकडे

मंडळीच्या नोंदवहीत बाप्तिस्म्याची तारीख असते, पाळकाची सही असते. माणूस बदलला की नाही, हे लिहायला तिथे रकाना नसतो. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या पाच वर्षांत काय घडले, ते कळायला लक्ष्मीबाईंच्या आत्मकथेची, ‘स्मृतिचित्रे’ची, पाने उघडावी लागतात. नवरा धर्म सोडून गेला आहे, माहेरसासरचे लोक हळहळत आहेत, आणि ही बाई पुढे त्याच्याजवळ राहायला येते, पण सोवळेओवळे सोडत नाही. मग एके दिवशी ती स्वतःशीच विचार करू लागते, की ही जातपात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळते आणि त्यानंतर तिला कोणाच्याही हातचे पाणी चालू लागते. पाळकाचे पाणी डोक्यावर पडले ते नंतर. ख्रिस्ती श्रद्धेने आयुष्य बदलते म्हणजे काय, हे मला या क्रमात दिसते. माणसाने कोणती मते मान्य केली यापेक्षा, पूर्वी ज्यांना दारापाशी थांबवले होते त्यांच्यातले कोण आता माजघरापर्यंत येऊ शकते, ही त्या बदलाची खरी साक्ष होय.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हाच क्रम उलटा आहे. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पण आपल्याला तेव्हा ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी १९०७ सालच्या आपल्या ‘साक्षी’त सांगितले आहे; तो सापडायला आणखी काही वर्षे जावी लागली. इतक्या विदुषीने आपल्या बाप्तिस्म्याविषयी असे सांगावे, यातला प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो. त्यांचे मन वळले कशाने, हेही पाहण्याजोगे आहे. संस्कृत शास्त्रांत मुरलेल्या या बाईला केवळ तर्काने जिंकणे सोपे नव्हते. लंडनजवळ फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले एक घर त्यांनी पाहिले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळले जात होते. या भगिनी असे का वागतात, असे विचारल्यावर रमाबाईंना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. ज्या बाईशी बोलणेही त्या काळच्या रीतीला धरून नव्हते, तिच्याजवळ येशूने पाणी मागितले. पुढे केडगावला रमाबाईंच्या मुक्ती सदनाच्या आवारात अशाच स्त्रियांसाठी कृपासदन उभे राहिले. एका कृतीने जी श्रद्धा जागवली, तिने स्वतः कृती होईपर्यंत विसावा घेतला नाही.

केडगावचा पसारा आठवला तरी मन भरून येते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ, विधवा मुलींना घेऊन आल्या. स्वतःचे आईवडील आणि बहीण त्यांनी आधीच्या एका दुष्काळात गमावली होती, तेव्हा भूक काय असते हे त्यांना सांगावे लागत नव्हते. करुणा तर आठवणीतूनच आली, त्यात श्रद्धेचे काय, असे कोणी विचारील. आठवण माणसाला रडवते, एखाद्या वेळी दानही करायला लावते; पण शेकडो मुलींना रोज जेवू घालणे, त्यांना शिकवणे, विणकाम, शेती, छपाई अशा कामांनी स्वतःच्या पायावर उभे करणे, आंधळ्या मुलींना ब्रेल वाचायला लावणे, हे वर्षानुवर्षे चालवायला आठवणीहून टिकाऊ असे काही लागते. रमाबाई त्याला प्रार्थना म्हणत.

वागणूक हीच बदलाची साक्ष, या म्हणण्यावर पहिला आक्षेप खुद्द चर्चमधूनच येतो. तारण कृपेने मिळते, कर्माने नाही; मग वागणुकीचा हिशेब कशाला? पौलाच्या पत्रांचा आधार या आक्षेपाला आहे, आणि मार्टिन ल्यूथरला याकोबाचे पत्र फारसे मानवत नव्हते तेही याच कारणाने. पण पौलाचेच फिलेमोनाला लिहिलेले छोटे पत्र वाचावे. अनेसिम हा फिलेमोनाचा दास त्याच्यापासून दुरावला होता आणि आता ख्रिस्ती झाला होता. त्याला दास म्हणून नव्हे, भाऊ म्हणून घरात घे, अशी पौलाची विनंती आहे. कृपेचा एवढा मोठा कैवारी इथे एका घराच्या रोजच्या व्यवहारात हात घालतो. लूकच्या शुभवर्तमानात उंबराच्या झाडावर चढलेला जकातदार जक्कय पश्चात्तापाचे नुसते शब्द बोलत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत, असा आकडाच सांगतो. तारण त्याने पैशाने विकत घेतले नाही. येशू त्याच्या घरी आधीच पाहुणा म्हणून निघाला होता. कृपा आधी येते हे खरे, पण ती आल्यावर तिजोरी जिथल्या तिथे राहिली, तर ती खरोखर आत आली का, हे विचारण्याचा हक्क लुबाडल्या गेलेल्याला आहेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जोतीराव फुल्यांनी १८६३ साली ब्राह्मण विधवांसाठी आपल्या घराचे दार उघडले, त्यासाठी त्यांना बाप्तिस्मा घ्यावा लागला नाही. मग ख्रिस्ती श्रद्धेचे वेगळेपण काय उरले? या प्रश्नाला आढेवेढे घेऊन उत्तर देऊ नये. चांगुलपणा ही चर्चची मिरास नाही. रमाबाईंच्या धर्मांतरावर टीकेची झोड उठली तेव्हा फुले ‘सत्सार’मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले; ज्याला वेगळ्या वाटेने तेच दिसले होते, त्याला ही बाई ओळखता आली. माझा दावा एवढाच आहे, की रमाबाईंच्या, लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात हा बदल या श्रद्धेने घडला. दुसऱ्या कशाने घडूच शकत नाही, असे मी म्हणत नाही. टिळकांनाही शेवटी हेच उमगले असावे. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही होती.

बदल म्हणजे मुळे तोडणे, हा समजही इथेच बाजूला सारावा. रमाबाईंनी मांसाहार केला नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन शब्द का, संस्कृत का नकोत, असा वाद त्यांनी वाँटेजच्या भगिनींशी पत्रांतून घातला. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणले. जे टाकून दिले तेवढेच मोजणारा माणूस या लोकांनी काय सांभाळले ते पाहत नाही.

मात्र रमाबाईंच्या शारदा सदन या मुलींच्या शाळेविषयी १८९३ साली झालेल्या वादाला मी इतक्या सहजी बाजूला सारणार नाही. सदनात धर्माचा आग्रह होणार नाही, या भरवशावर पालकांनी मुली ठेवल्या होत्या. रमाबाई दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि मुली आपण होऊन येऊन बसत. कोणावर जबरदस्ती झाली नाही. तरीही ज्या बापाने विश्वासाने लेक सोपवली त्याला फसल्यासारखे वाटले असेल, तर ती भावना खोटी नव्हती; श्रद्धेने बदललेल्या माणसाने दुसऱ्याच्या विश्वासालाही तितकेच जपले पाहिजे. याच सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली, ख्रिस्ती झाली नाही. सदनाच्या बाजूने याहून चांगली साक्ष मला सापडत नाही.

सगळ्यांत कठीण आक्षेप चर्चच्या दाराशीच उभा आहे. श्रद्धेने माणूस बदलतो, तर जात चर्चमध्ये कशी शिरली? अहमदनगरच्या परिसरात अमेरिकन मराठी मिशनकडे आलेल्यांत महार आणि मांग समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते. उपाशी माणसाने भाकरीसाठी धर्म बदलला, अशी त्यांची हेटाळणी झाली. ज्याला गावच्या पाणवठ्यावर पाणी भरू दिले नाही, त्याने माणूस म्हणून बोलावणाऱ्या दाराकडे वळावे, यात हिणवण्यासारखे काय आहे? लाज वाटायला हवी ती पुढच्या गोष्टीची. देशात अनेक ठिकाणी एकाच प्रभूचे नाव घेणाऱ्यांनी बसायच्या जागा वेगळ्या ठेवल्या, दफनभूमीत भिंती घातल्या. सोयरीक जुळवताना पूर्वीची जात आजही हळूच विचारली जाते. हा आक्षेप मी परतवू शकत नाही आणि परतवू इच्छितही नाही, कारण तो माझ्याच मापाने मोजलेला आहे. बाप्तिस्मे झाले, बदल राहून गेला, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा प्रत्येक मंडळीने उपासनेला किती माणसे आली हे मोजावे आणि त्याबरोबर गेल्या पिढीत आपल्याकडची किती लग्ने जुनी जात न विचारता झाली, हेही मोजावे. आकडा लहान निघाला, तर तो रविवारी, सगळ्यांसमोर, वेदीपाशी वाचून दाखवावा.